द्रौपदीचा प्रश्न आणि जुगाराचा कायदा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत जुगाराच्या कायद्याचा इतिहास कशासाठी, असे मनात येऊन काही भगिनींच्या कपाळाला आठ्या पडतील. पत्त्यांचा डाव पुरुषांचा, अड्डा पुरुषांचा, धाड पडली तर पळापळही पुरुषांचीच. त्यात आपले काय? परंतु डावात जो पैसा जातो, तो घराचा असतो. तो किराण्याचा असतो, कांद्याच्या रोपाचा असतो, मुलांच्या फीचा असतो. घर चालविते ती बाई, आणि हरलेल्या डावाचा हिशेब शेवटी तिच्याच डब्याडुब्यांत येऊन मिळतो. म्हणून या कायद्याची हकीकत आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

हे व्यसन फार जुने. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक संपूर्ण सूक्त जुगाऱ्याच्या तोंडी आहे. फाशांनी त्याची कशी दैना केली, बायको कशी दुरावली, कर्जाच्या भयाने रात्री दुसऱ्यांच्या घरी कसे हिंडावे लागते, हे तो स्वतःच सांगतो. महाभारतातील द्यूतसभा तर आपल्याला कीर्तनांतून पाठ आहे. मात्र त्या प्रसंगात आपण वस्त्रहरणच अधिक आठवतो आणि त्याआधी द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न विसरतो. धर्मराजाने आधी स्वतःला पणाला लावले की मला, हे तिने विचारले. जो स्वतःलाच हरून बसला, त्याला दुसऱ्या कोणास पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? हा प्रश्न कायद्याचा होता. भीष्मांसारख्यांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. डावात लावलेली वस्तू लावणाऱ्याची होती काय, हा तो प्रश्न. पुढे कायदे पुष्कळ झाले. या प्रश्नाचे त्यांनी काय केले, ते पाहू.

आपल्याकडे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शंकर-पार्वती सारीपाट खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा आहे. म्हणजे खेळाला समाजाने जागा दिली होती. प्रश्न होता तो पैशाचा. त्याबाबत आपल्या जुन्या शास्त्रकारांत दोन मते दिसतात. मनुस्मृती सांगते की राजाने जुगार राज्यातून हद्दपार करावा. कौटिल्याचा विचार निराळा. लोक खेळणारच, तेव्हा एकाच जागी, राजाने नेमलेल्या द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली खेळू द्यावे. अन्यत्र खेळेल त्याला बारा पण दंड करावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाने घ्यावे, असे अर्थशास्त्रात सांगितले आहे. बंदी घालावी की कर घ्यावा, हा वाद तेव्हापासूनचा. आपले राज्यही या दोन वाटांवरून आळीपाळीने चालत आले आहे.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यासाठी १८८७ साली मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा झाला. तोच कायदा, अनेक दुरुस्त्यांसह आणि आता महाराष्ट्राच्या नावाने, आजही आपल्या नाशिक जिल्ह्यात चालतो. त्याची बांधणी ध्यानात घेण्याजोगी आहे. चार मित्र घरात पत्ते कुटत बसले, एवढ्यावर या कायद्याचा रोख नाही. त्याचा मुख्य रोख आहे अड्ड्यावर, म्हणजे जेथे जागेचा मालक किंवा चालक स्वतःच्या फायद्यासाठी जुगाराची साधने ठेवतो त्या जागेवर. डाव कोणीही जिंको, अड्डेवाल्याची नाल ठरलेली. म्हणून अड्डा चालविणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि अड्ड्यात खेळताना सापडलेल्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, असा फरक केलेला आहे. रीतसर धाड घातल्यावर तेथे जुगाराची साधने सापडली, तर तो अड्डाच होता असे कोर्ट गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने दाखवावयाचे. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी खेळणे आणि कोंबड्यांसारख्या प्राण्यांच्या झुंजी लावणे यांनाही मनाई आहे. निव्वळ कौशल्याचे खेळ मात्र कायद्याने वगळले आहेत.

कायदा झाला, पण जुगारी माणसाची बुद्धी कायद्याच्या दोन पावले पुढेच. फासे नकोत, पत्ते नकोत. मुंबईत लोक पावसावर पैजा लावू लागले. आज पाऊस पडेल की नाही, पडला तर किती, यावर पैसा! येथे आपण गोदेच्या काठी आभाळाकडे डोळे लावून बसावे, एकाच वर्षी आधी तहान आणि मग २०१९ सारखा गावात शिरलेला पूर सोसावा, आणि तोच पाऊस कोणाच्या तरी पैजेचा आकडा व्हावा! अखेर १८९० साली कायद्यात दुरुस्ती करून पावसावरील पैज त्यात आणावी लागली. पुढे कापूस, अफू आणि इतर मालाच्या बाजारभावावर, एवढेच नव्हे तर त्या भावातील आकड्यांवर लावलेल्या पैजाही कायद्यात शिरल्या. निफाड तालुक्यातील आपल्या बायकांना भाव म्हणजे काय हे सांगावयास नको. कांद्याचा भाव पडला की घरातले लग्न पुढे जाते. ज्याने पिकविले त्याला त्या आकड्याचे भय, आणि ज्याने कधी माती हातात घेतली नाही त्याला त्याच आकड्याचा खेळ, असे हे उलटे गणित आहे.

स्वातंत्र्यानंतर जुगाराने सभ्य पोशाख केला. वर्तमानपत्रांतून बक्षिसांची शब्दकोडी निघाली. प्रवेश फी भरावयाची, चौकटी भरावयाच्या आणि हजारोंच्या बक्षिसाची वाट पाहावयाची. कित्येक शब्द असे की दोन-तीन उत्तरे सारखीच बरोबर वाटावीत. म्हणजे विद्वत्तेपेक्षा दैवावरच भर. मुंबई सरकारने १९४८ साली सोडती आणि बक्षीस स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. संसदेनेही १९५५ साली कायदा करून महिन्याला एक हजार रुपयांवरील बक्षिसांच्या अशा स्पर्धा बंद केल्या. बंगळूरहून कोडी चालविणारे चमारबागवाला आणि मुंबई सरकार यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल लागला. जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळत नाही, असे न्यायालयाने ठरविले. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी त्या निकालपत्रात ऋग्वेदातील जुगाऱ्याचे सूक्त आणि पांडवांची दुर्दशा यांचा उल्लेख केला आहे. जी गोष्ट आजीने सांगावी, ती देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाच्या कागदावर आली. १९६७ साली त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. मात्र त्यातून जागेचा चालक नफा काढू लागला की गोष्ट बदलते, हेही बजावले.

त्यानंतर आला मटका. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईस येत आणि त्यांतील आकड्यावर पैसे लागत. ते भाव येणे थांबले तेव्हा धंदा बंद पडावा. पण १९६० नंतरच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मुंबईतच आकडे काढण्यास आरंभ केला. मडक्यातून चिठ्ठी काढावयाची म्हणून मटका. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, तरी नाव टिकले. गिरणगावातील मजुराच्या आठवड्याच्या पगारापासून खेड्यातील पानाच्या टपरीपर्यंत हा आकडा पोहोचला. चार आण्यांवरही खेळता येई, हेच त्याचे खरे बळ. गरिबाला दुकानात उधारी मिळत नाही, पण आशा चार आण्यांत मिळते!

सरकारने एका हाताने पोलीस पाठविले आणि दुसऱ्या हाताने, १९६९ साली, महाराष्ट्र राज्य लॉटरी काढली. लोकांचा पैसा मटक्याकडे व खोट्या सोडतींकडे न जाता राज्याच्या विकासाला लागावा, असा हेतू सांगण्यात आला. कौटिल्यच पुन्हा मंत्रालयात आला म्हणावयाचे! १९७६ साली तर विधिमंडळाने कॅसिनोवर नियंत्रण व कर बसविणारा कायदाही मंजूर करून ठेवला. गोव्यात त्याच साली जुगाराचा कायदा झाला आणि पुढे १९९२ च्या दुरुस्तीने तेथे पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगाराला वाट मिळाली. महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा मात्र सत्तेचाळीस वर्षे कागदावरच राहिला. एकाही सरकारने तो अमलात आणला नाही आणि २०२३ साली तो रद्द करण्यात आला. या एका बाबतीत आपले राज्य मनूच्या बाजूला उभे राहिले.

आता अड्ड्याला जागाच लागत नाही. तो खिशातल्या मोबाईलमध्ये आला. जेथे भिंती नाहीत, दार नाही, तेथे १८८७ च्या कायद्याने धाड कोठे घालावी? संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात असे खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. एकशे अडतीस वर्षांनंतरही रोख अड्डेवाल्यावरच आहे, आणि तो योग्यच आहे.

फासे, पाऊस, कापूस, कोडे, मडके, मोबाईल. एक दार लावावे तर दुसरे उघडते. म्हणून केवळ जुगाराच्या कायद्यावर विसंबून घर सुरक्षित राहील, असे मानता येत नाही. येथे द्रौपदीचा प्रश्न पुन्हा पुढे येतो, आणि समाधानाची गोष्ट अशी की दुसऱ्या कायद्यांनी त्याचे उत्तर दिलेले आहे.

पहिले उत्तर कर्जाचे. बापाने दारू किंवा जुगार यांपायी केलेले ऋण मुलाने फेडू नये, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे पैजेचा करार पोकळ आहे; जिंकणाऱ्याला ती रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. म्हणून कोणी दारात येऊन, तुमच्या यजमानांनी डावात हरलेले पैसे टाका, असे धमकावू लागला, तर त्याच्या मागणीमागे कायदा नाही, हे ओळखून असावे.

दुसरे उत्तर दागिन्यांचे. नवऱ्याने बायकोचे स्त्रीधन कधी वापरावे याची याज्ञवल्क्याने चारच कारणे दिली आहेत: दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास. जुगार त्यांत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन नवऱ्याकडे किंवा सासरी ठेवलेले असले, तरी मालकी तिचीच. ते गिळंकृत करणे हा विश्वासघाताचा गुन्हा होय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात तर स्त्रीधन विकून टाकणे किंवा घरखर्च तोडणे ही आर्थिक छळाची उदाहरणे म्हणून नमूद आहेत. दागिने परत देण्याचा किंवा मालमत्ता विकण्यास मनाई करण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकतो.

तेव्हा भगिनींनो, पोत आणि पाटल्या कोठे आहेत, त्यांच्या पावत्या कोणाजवळ आहेत, घराच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, बँकेच्या पुस्तकात काय शिल्लक आहे, हे प्रत्येकीने पाहून ठेवावे. त्यात नवऱ्यावर अविश्वास नाही. घराची राखण आहे. आणि एखादीच्या घरी हा घुणा लागला असेल, तर तिने लाजेने तोंड झाकू नये. चारचौघींनी तिच्यासोबत पोलीस ठाण्यापर्यंत, वकिलापर्यंत जावे. मंडळ असते ते त्यासाठीच. हस्तिनापूरच्या सभेत द्रौपदी एकटी उभी होती. सायखेड्यात कोणतीही बाई तशी एकटी राहू नये, एवढीच या वर्धापनदिनी अपेक्षा.