इंडियन रोड्स काँग्रेस : एका व्यावसायिक संस्थेचे ऐतिहासिक कार्य

प्रस्तावना

भारतातील रस्त्यांचा इतिहास सामान्यतः शासकीय योजनांच्या आधारे लिहिला जातो. रस्ता किती रुंद असावा, पुलाने किती भार पेलावा, हे ज्या संस्थेने ठरविले, तिच्याकडे मात्र इतिहासलेखकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. इंडियन रोड्स काँग्रेस ही महामार्ग अभियंत्यांची राष्ट्रीय संस्था होय. तिच्या नावातील 'काँग्रेस' हा शब्द परिषद या अर्थाने आला आहे. कायद्याचे कोणतेही अधिकार नसताना या संस्थेने देशभर आपली मानके कशी रुजविली आणि त्या यशाच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

१९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला. याच सुमारास मोटारवाहतूक वाढू लागली. बैलगाडीसाठी बांधलेले खडीचे रस्ते मोटारीच्या वेगाने उखडू लागले. त्यांची दुरुस्ती प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या तुटपुंज्या उत्पन्नातून होणे शक्य नव्हते. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर ते हेच. रस्तेविकास हा राष्ट्रीय हिताचा विषय मानावा, पेट्रोलवर जादा कर बसवून स्वतंत्र निधी उभारावा आणि तांत्रिक ज्ञानाच्या देवाणघेवाणीसाठी एक निमसरकारी संस्था स्थापन करावी, अशा शिफारशी समितीने १९२८ च्या अहवालात केल्या. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा आकारणी होऊ लागली. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली आणि १९३७ मध्ये संस्था नोंदणी कायद्यान्वये तिची रीतसर नोंदणी झाली.

मानकांची सत्ता

प्रांतांना आज्ञा देण्याचा अधिकार या संस्थेला नव्हता. तिचे बहुसंख्य सभासद प्रांतांच्या सार्वजनिक बांधकाम खात्यांतील अभियंते होते आणि हेच तिचे खरे बळ ठरले. अधिवेशनात ज्यांनी एखाद्या मानकाची चर्चा केली, तेच आपापल्या प्रांतात परतून ते अमलात आणीत. पुढे ही मानके निविदांच्या अटींत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांतही शिरली. एकपदरी मार्गाची रुंदी ३.७५ मीटर व दुपदरीची ७ मीटर हे आकडे पदवीचा विद्यार्थी आजही पाठ करतो.

डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तेथे तयार झालेल्या वीस वर्षांच्या आराखड्याने राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्ग असे वर्गीकरण केले आणि दर १०० चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्त्यांचे उद्दिष्ट ठेवले. १९६१-८१ च्या मुंबई आराखड्यात ते ३२ किलोमीटर, तर १९८१-२००१ च्या लखनौ आराखड्यात ८२ किलोमीटर झाले. रस्ता प्रांतांच्या ताब्यात राहिला; त्याचा विचार मात्र अखिल भारतीय झाला.

मर्यादा

ज्या रचनेमुळे संस्थेला यश लाभले, तिच्यातच तिच्या मर्यादाही आहेत. मानक लिहिणारा, रस्ता बांधून घेणारा आणि त्याची तपासणी करणारा हे तिघे बहुधा एकाच व्यवसायबंधुत्वातील असतात. रस्त्याचा वापर करणाऱ्या पादचाऱ्याला या चर्चेत स्थान नसते. संस्थेने पादचाऱ्यांच्या सोयींविषयी १९८८ मध्येच मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि २०१२ मध्ये त्या सुधारल्या. तथापि आपल्या शहरांतील पदपथ पाहिले असता त्या सूचना पुस्तकातच राहिल्याचे जाणवते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या मृत्यूंना केवळ रस्त्यांची रचना कारणीभूत आहे असे म्हणता येणार नाही. परंतु लिखित मानक आणि प्रत्यक्ष रस्ता यांतील अंतराचा प्रश्न त्यामुळे टाळताही येत नाही.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ समाविष्ट झाले. केंद्र शासनाने विहित केलेली रचना, बांधणी व देखभालीची सुरक्षा-मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणेस वा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. व्यावसायिक एकमतावर विसंबून चालत आलेल्या व्यवस्थेला कायदेशीर उत्तरदायित्वाची जोड देण्याचा हा प्रयत्न आहे.

समारोप

आदेश देण्याचा अधिकार नसतानाही ज्ञानाच्या आणि सहविचाराच्या बळावर एखादी संस्था राष्ट्रीय व्यवस्था घडवू शकते, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या इतिहासावरून स्पष्ट होते. त्याचबरोबर, केवळ समव्यावसायिकांच्या संमतीवर उभे असलेले मानक कागदावर निर्दोष असूनही व्यवहारात दुबळे ठरू शकते, हेही त्यातूनच दिसते. जयकर समितीने रस्त्याला राष्ट्रीय हिताचा विषय मानले होते. त्या हितात रस्त्याने चालणाऱ्या माणसाच्या जीविताचाही समावेश आहे, हे मान्य केले तरच या संस्थेचे पुढील कार्य तिच्या पूर्वपरंपरेला साजेसे ठरेल.