बोंडल्याचे सांबर आणि वसरीवरची शिंगे

गेल्या डिसेंबरात नातीला घेऊन बोंडल्याला जायचे ठरले. तिचे हे पाचवे वर्ष. आदल्या खेपेला आम्ही वार न पाहता निघालो आणि तो नेमका गुरुवार निघाला. गुरुवारी बोंडला बंद असते हे ठाऊक असूनही विसरलो आणि फाटकावरूनच परतलो. या वेळी रविवार धरला. सुनेने उंडे आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून घेतली आणि आम्ही सकाळीच निघालो.

फोंड्याला कदंबची एक बस पुढे आली. तिच्यावरचा सिंह पाहून नातीने विचारले, "आजो, हा तिथं असेल?" मी म्हटले, "हा रानातला नव्हे गे बाय, हा राजांचा." गोव्यावर राज्य केलेल्या कदंबांचे ते राजचिन्ह. १९८० साली परिवहन महामंडळ निघाले, तेव्हा नाव आणि सिंह दोन्ही त्यांच्याकडून घेतले. आपल्या रानाचा खरा धनी वाघ. पण त्याचे चित्र आपण कुठल्या बसवर काढलेले नाही.

उसगाव मागे टाकले की रस्ता चढू लागतो आणि झाडी दाट होते. बोंडला हे गोव्यातले सह्याद्रीकडचे सर्वांत लहान अभयारण्य, जेमतेम आठ चौरस किलोमीटरचे. शेजारच्या मोलेचे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटर भरते. त्यापुढे हे म्हणजे परसूच. पण गोव्यातल्या पोरांनी पहिला गवा, पहिले सांबर पाहिले ते बहुधा इथेच. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात आणि त्यानंतर दहा वर्षे उलटायच्या आत मोले, बोंडला आणि काणकोणातले खोतीगाव ही तीन राने राखीव झाली. बोंडला १९६९ चे. शाळांना रस्ते नव्हते, गावांना वीज नव्हती, अशा काळात जनावरांसाठी रान राखावे असे कुणाला तरी सुचले, याचे मला आजही कौतुक वाटते.

गवा पाहून नात आईच्या मागे लपली. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा तो काळा डोंगर आमच्याकडे ढुंकूनही न पाहता रवंथ करीत होता. हा आपल्या राज्याचा प्राणी, असे मी सांगितले. ते तिला फारसे पटल्यासारखे दिसले नाही.

मग सांबरांपाशी आलो. एका नराला फाटे फुटलेली शिंगे होती. नात थबकली. एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजो, हीच आपल्या वसरीवर आहेत! ह्यानं आपल्याला दिली?"

सून हसली. मीही हसलो आणि झटकन म्हणून गेलो, "होय. ह्यांची शिंगं दरसाल गळून पडतात आणि परत नवी येतात."

यातला शब्द न शब्द खरा आहे. सांबराची शिंगे गळतात आणि नवी फुटतातही. पण आमच्या वसरीवरची शिंगे गळून पडलेली नाहीत. त्यांच्या बुडाशी कवटीचे हाड आहे. गळालेल्या शिंगाला हाड येत नाही. ते सांबर माझ्या वडिलांनी मारले होते, मुक्तीच्या तीन-चार वर्षे आधी, याच बाजूच्या डोंगरात.

वडील काही शौकीन शिकारी नव्हते. आमचे कुळागर होते, आणि रानडुकरे, माकडे, सांबरे यांच्यापासून ते राखायचे तर घरात बंदूक हवीच, असा तो काळ. जनावर पडले की वाड्यावर वाटे जात आणि त्या रात्री कुणाच्या चुलीवर नुसती पेज नसे. त्या वयात मला वडिलांचा अभिमानच वाटायचा. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही परवाना काढून काही जनावरे मारायला वाव होता. तो वाव बंद झाला १९९१ च्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांना चिडवणे आणि खाऊ घालणे हा गुन्हा ठरवला. पिंजऱ्यापाशी शेंगदाणे फेकणाऱ्यांना हे सांगितले तर ते आजही आपल्याकडे वेड्यासारखे पाहतात. २००३ साली घरोघरच्या शिंगा-कातड्यांची नोंद करण्यासाठी केंद्राने १८० दिवसांची मुदत दिली. वडील तेव्हा हयात नव्हते. नोंदीचा कागद मी भरला. "कसे मिळाले" या प्रश्नापुढे "वडिलार्जित" असे लिहिले आणि सुटलो.

त्या रविवारी मात्र सुटलो नाही. झाडाखाली उंडे सोडले, वर फांदीवर एक शेकरू लांब शेपूट सोडून बसले होते, नात त्याला हाका मारीत होती, आणि माझ्या डोक्यात ते हाड.

गोव्यातल्या माणसाचे आणि जनावरांचे नाते फार जुने. सांगे तालुक्यात उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर शंभराच्या आसपास चित्रे कोरलेली आहेत. त्यांत बैल आहेत, हरणे आहेत, मोर आहे. गावच्या राखण्यांना ती ठाऊक होती. पुरातत्त्वाच्या जाणकारांपर्यंत ती पोहोचली १९९३ साली. ज्याने ती कोरली तो शिकार करीत असणार. तरीही त्याला त्या जनावराची रेघ नदीकाठच्या दगडावर ठेवावीशी वाटली. त्यानंतरचा आपला वाघ्रो. सत्तरी-सांग्याच्या गावांत वाघाची दगडी शिल्पे देव म्हणून पुजली जातात. गुरे चारणाऱ्याला ज्याची सर्वांत जास्त भीती, त्यालाच त्याने देव केले. पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात हा मुलूख घेतला आणि त्याला नव्या काबिजादी म्हटले. फोंडा त्यांच्याकडे गेला १७६३ साली, सत्तरी त्यानंतर. सत्तरीच्या राण्यांनी त्यांच्याविरुद्ध वारंवार बंडे केली, तेव्हा त्यांना आसरा दिला तो याच रानांनी. वाघ्रो मात्र होता तिथेच राहिला.

१९९९ साली गोव्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपाल होते लेफ्टनंट जनरल जेकब. त्या काळात म्हादई आणि नेत्रावळी ही दोन मोठी अभयारण्ये जाहीर झाली. पण कागदावर रान राखले म्हणजे गोठा राखला असे होत नाही. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषाने. त्याआधी त्या भागात गुरे मारली गेली होती. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर करण्याचा आदेश दिला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

ज्या तालुक्यात वाघ्रोपुढे दिवा लागतो, त्याच तालुक्यात हे घडले, म्हणून त्या माणसांना शिव्या देणे मला सोपे नाही. दुभती म्हैस गेली की काय जाते ते कुळागरवाल्याच्या घरात वाढलेल्याला कळते. माझ्या वडिलांनीही आपले राखण्यासाठीच बंदूक उचलली होती. फरक एवढाच की त्यांच्या वेळी रान फार होते आणि बंदुका मोजक्या.

परतताना नात गाडीत झोपली. घरी पोहोचल्यावर जागी होऊन थेट वसरीवर गेली आणि वर पाहत राहिली. मी तिला उचलून घेतले आणि शिंगांच्या बुडाचे हाड दाखवले. म्हटले, "बाय, मघाशी मी चुकीचं सांगितलं. ही गळून नाही पडली. माझ्या बाबांनी ते सांबर मारलं होतं."

ती बराच वेळ गप्प होती. मग विचारले, "त्याला लागलं?"

"होय," मी म्हटले.

शिंगे अजून तिथेच आहेत. काढून ठेवावीत असे सून म्हणाली. मी नको म्हटले. उद्या कुणी पाहुण्याने विचारले, तर काय सांगायचे ते आता आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.