वडा मशीनवर चढला

शनिवारी शेलारला घरी आलो की आधी नदीनाक्यावर वडापाव, हा आमचा कॉलेजपासूनचा नियम. परवा मित्राशी वाद झाला, की लोक गाडी सोडून चेनच्या दुकानात का जायला लागले? तो म्हणाला, स्वच्छता. मला काही ते पूर्ण पटलं नाही.

थोडं मागे जाऊ. 1966 साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडापाव सुरू केला असं सांगतात. पण तो खरा पसरला 1982 च्या गिरणी संपानंतर. काम गेलेल्या कितीतरी कामगारांनी गाड्या टाकल्या. त्याच सुमारास कापडाचं कामही आमच्या भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलं. म्हणजे एकाच संपाने आम्हाला माग दिले आणि वडाही! बाबा मागावर होते, बारा तासांची पाळी. परगावचे कामगार महिन्याच्या हिशोबावर भिशीत जेवायचे, पण मधल्या भुकेला सगळ्यांना वडापावच. ताट नको, बसायला जागा नको. आवड कसली, वेळ आणि खिसाच ठरवायचे.

मग 1996 ला मॅकडोनाल्ड्स आलं. इथे बीफ नाही, पोर्क नाही, आणि चाललं काय, तर आलू टिक्कीचा बर्गर. म्हणजे वडापावचा सुटाबुटातला चुलतभाऊच की! इकडे 2001 मध्ये मालाडला जंबोकिंग आणि 2004 मध्ये आमच्या शेजारी कल्याणला गोली सुरू झालं. गोलीने तर वडा कारखान्यात करून, गोठवून दुकानात आणला, तिथे फक्त तळायचा. माझं इंजिनियर डोकं खूश! कुठेही खा, आउटपुट सेम. माझ्या मते लोक पैसे मोजतात ते या खात्रीचे (आणि अर्थात एसीत तासभर बसण्याचे). जंबोकिंग आता आपल्या मालाला 'इंडियन बर्गर' म्हणतं. बर्गर वड्याकडे आला, वडा बर्गरकडे गेला. असो.

बाबांना एकदा अशाच एका चेनमध्ये नेलं (कुठल्या ते जाऊ द्या). शांतपणे खाल्लं. "मीठ बरोबर आहे," म्हणाले. मग काउंटरवर जाऊन जास्तीची सुकी चटणी मागितली. पोरगा म्हणाला, पाकिटाचे वेगळे पैसे पडतील. बाबा काही न बोलता परत आले. मागावरच्या त्या बारा तासांत त्यांच्या मनासारखं होणारी तेवढी एकच गोष्ट होती, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी ते स्वतःच नाक्यावर गेले. पुडी उघडली तर आत चटणी दुप्पट.