पानाची डावी बाजू



पाडवा झाला की बाजारात कैऱ्या येऊ लागतात, आणि अक्षय्यतृतीयेच्या जेवणासाठी घरोघर मेथांबा होतो. करायला सोपा, बघा. कैरी सोलून फोडी करायच्या. तेलात मोहरी, हिंग आणि मेथीदाणे टाकायचे. मेथी तांबूस झाली की फोडी परतून, थोडे पाणी घालून वाफेवर शिजवायच्या. फोड मऊ झाल्यावरच गूळ, तिखट आणि मीठ घालायचे, कारण गूळ आधी पडला तर फोड नीट शिजत नाही. सणाच्या पानात हा मेथांबा डावीकडे वाढतात, तोही चमचाभर. एवढ्याशा पदार्थाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने का पाहावे, ते आज सांगावयाचे आहे.

सणाच्या दिवशी पानाची डावी बाजू शोभेची वाटते. पण पारनेर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला तालुका. विहिरी आटल्या की मळ्यातली भाजी संपते. मग भाकरीबरोबर लोणचे, चटणी, जे घरात असेल तेच कोरड्यास. सणाला जे नुसते तोंडीलावणे, तेच एरवी गरिबाचे निम्मे जेवण. म्हणून त्यातल्या जिनसांचा भाव हा त्याच्या पोटाचा प्रश्न होता.

आता या जिनसा एकेक करून पाहू. गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यास राहत होता. आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा चांगला स्नेह होता. त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. आंबा साखरेत घालतात, तसेच आले-लसूण भरून तेल-मिठात किंवा शिरक्यात मुरवतात, असे तो सांगतो. या कृतीत मिरची नाही! मिरची मुळात अमेरिकेची; पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. त्याआधी तिखटपणा मिरी, आले आणि मोहरी यांचाच. ‘मुरब्बा’ हा शब्दही अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. मराठी कानाने त्यात ‘मुरणे’ आणि ‘आंबा’ ऐकले, आणि मुरांबा आपला झाला.

मिठाची गोष्ट मात्र कडू आहे. लोणचे या शब्दात लवण आहेच. मीठ फोडीतले पाणी ओढून घेते, म्हणून फळ नासत नाही. त्यात हात आखडला की बुरशी धरते. हे मीठ कोकणच्या मिठागरांतून बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई. इंग्रज सरकारने त्यावर कर बसवला आणि १८८२ च्या कायद्याने मिठाचा धंदा आपल्या मुठीत घेतला. श्रीमंताला तो कर जाणवला नाही; भाकरी-लोणच्यावर दिवस काढणाऱ्याला जाणवला. १९३० साली गांधीजींनी मीठच का उचलले, याचे उत्तर आपल्या बरणीत आहे. त्याच वर्षी मे महिन्यात कोकणात शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला. हा कर उठला तो १९४७ साली.

राहिली गोडी. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पण प्रवरेचे कालवे पारनेरपर्यंत येत नाहीत. जिल्हा एकच, तरी कुठे उसाचे फड आणि कुठे कोरडवाहू बाजरी. सणाच्या बरणीत गूळ पडतो की साखर, हे नुसत्या आवडीवर ठरत नाही. पाणी कुणाच्या शिवारात आले, यावरही ते ठरत आले आहे.

शिक्षकबंधुभगिनींना एक सुचवतो. सणाच्या सुटीत मुलांना एवढेच काम द्यावे: घरातल्या आजीला विचारायचे की तुमच्या लहानपणी लोणच्यात काय काय पडे, त्यातले घरचे कोणते, विकतचे कोणते, आणि कोणती जिन्नस कधी परवडली नाही. मुलांनी ती सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवावे. मिठाचा कायदा पुस्तकात सापडेल. पण भाजी नसलेल्या उन्हाळ्यात घर कसे चालवले, ते तिलाच ठाऊक आहे, आणि ती आहे तोवरच ते विचारता येईल.