जमालपूरची उमेदवारी आणि अर्धवट जिना

ईस्ट इंडियन रेल्वेने १८६२ मध्ये बिहारमधल्या जमालपूरला इंजिनांचा कारखाना काढला. ही जागा निवडण्यामागचे एक कारण असे सांगतात, की शेजारच्या मुंगेर परिसरात पिढ्यानपिढ्या लोखंडाचे काम करणारे, बंदुका घडवणारे कारागीर होते. कारखान्याला लागणाऱ्या कसबाचा मोठा भाग कंपनीला तिथे आयताच मिळाला. तरीही पुढची साठ-पासष्ट वर्षे हे कसब एका ठरावीक पायरीच्या वर चढू शकले नाही. रेल्वेतल्या उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा, इतिहास मला म्हणूनच मोलाचा वाटतो. हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा यांच्यामध्ये आपण आजही जी भिंत जपतो, ती कोणाला कुठवर चढू द्यायचे या निर्णयातून बांधली गेली, हे या इतिहासात स्पष्ट दिसते. यंत्राने तशी मागणी कधीच केली नव्हती.

त्या काळी कारखान्यात शिरण्याचे दरवाजे वेगवेगळे होते. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांची उमेदवारी ड्रायव्हर, चार्जमन, फोरमन या पदांकडे नेणारी होती. भारतीय पोरगा खलाशी, म्हणजे कारखान्यातला मदतनीस मजूर, म्हणून लागे, मिस्त्रीच्या हाताखाली कानस आणि छिन्नी चालवायला शिके आणि फार तर स्वतः मिस्त्री होई. सरकारने १८५० मध्येच उमेदवारीचा कायदा केला होता, पण त्याच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने अनाथ आणि गरीब मुलांना एखादा धंदा शिकवणे होते. त्यातून इंजिनिअर घडावेत ही कल्पनाच नव्हती. वरचे अधिकारी इंग्लंडमधून येत. रेल्वेच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या ॲकवर्थ समितीने १९२१ मध्ये नोंदवले, की रेल्वेच्या सुमारे सात लाख दहा हजार नोकरांत युरोपियन फक्त सात हजार होते, आणि सर्वोच्च पदांवर एकही भारतीय नव्हता.

यावर तेव्हाचे ठरलेले उत्तर असे, की भारतीयांची तेवढी तयारीच नव्हती. पुरावा मात्र उलट बोलतो. १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात इंजिन तयार झाले, १८९९ मध्ये जमालपूरहून ‘लेडी कर्झन’ बाहेर पडले. ओतकाम, घडाई आणि जुळणी करणारे बहुसंख्य हात इथलेच होते. पुस्तकी बाजूही रिकामी नव्हती: पुण्यात १८५४ पासून आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये १८८७ पासून तांत्रिक शिक्षण मिळत होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंग्लंडमध्ये तरी समता कुठे होती? तिथेही सधन घरातले मुलगे फी भरून ‘प्रीमियम’ उमेदवार होत. मोटारी बनवणारे बेंटली डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात असेच शिकले. हे खरेच आहे. पण तिथे खालून वर जाणारा जिना, अरुंद का होईना, होता. स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात कचेरीतला पोऱ्या म्हणून लागलेले विल्यम स्टॅनियर उमेदवारी करून पुढे लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेचे मुख्य यांत्रिकी इंजिनिअर झाले. असा जिना इथल्या खलाशाच्या पोरासाठी कोणी बांधला नाही.

वरिष्ठ सरकारी नोकऱ्यांसाठी नेमलेल्या ली आयोगाने १९२४ मध्ये रेल्वेतली भरती टप्प्याटप्प्याने पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत भारतातून करण्याची शिफारस केली. त्यानंतर, १९२७ पासून, जमालपूरच्या जुन्या तांत्रिक शाळेत भावी अधिकाऱ्यांचे, म्हणजे ‘स्पेशल क्लास’ उमेदवारांचे, प्रशिक्षण सुरू झाले. शाळा-कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली निवडक मुले तिथे येत, वर्गात गणित आणि उष्मागतिकी शिकत आणि त्याच काळात लोहारखाना, ओतशाळा, मशीन शॉप, बॉयलर शॉप यांतून फिरत. उद्या ज्याला शेकडो फिटरांवर हुकूम चालवायचा, त्याने आधी तासन्‌तास कानस धरून एक पृष्ठभाग सपाट करून दाखवायचा. माझ्या मते भारतातल्या तांत्रिक शिक्षणाची ही सर्वांत शहाणी रचना होती. चुकीचे ड्रॉइंग कागदावर निरुपद्रवी दिसते; भट्टीसमोर उभे राहिलेल्याला त्याची किंमत कळते.

ही योजना मूठभरांची होती, तिला साहेबी वसतिगृहाचा तोरा होता, आणि देशभर इंजिनिअरिंग कॉलेजे निघाल्यावर तिची गरज उरली नाही, असे म्हटले जाते. पहिल्या दोन गोष्टी मला मान्य आहेत. तिसरी नाही, कारण कॉलेजातल्या वर्कशॉपचे थोडेसे तास चार वर्षांच्या कारखान्याची जागा घेऊ शकत नाहीत. २०१५ नंतर या उमेदवारांची परीक्षा झालेली नाही. पण योजनेचा खरा दोष वेगळाच होता: साहेबाला तिने खाली उतरवले, कारागिराला वर चढवले नाही. १९६१ च्या उमेदवारी कायद्याने आलेले आयटीआयचे उमेदवार परळ-माटुंग्याच्या कारखान्यांत तेच काम शिकतात. मुदत संपली की त्यांच्यासमोर अधिकारीपदाचा मार्ग तर सोडाच, नोकरीचीही शाश्वती नसते. २० मार्च २०१८ रोजी अशाच तरुणांनी दादर-माटुंगा दरम्यान रुळांवर बसून मुंबईच्या लोकल अडवल्या, ते या जुन्या अन्यायाचेच पुढचे पान होते. रेल्वेने जमालपूरची पद्धत पुन्हा सुरू करावी, आणि या वेळी तिचा पहिला प्रवेश फिटरच्या बाकावरून द्यावा.