मुक्त आज्ञावलींचे भांडार : स्थाननिवडीचा प्रश्न

मुक्त आज्ञावलींचे भांडार कोठे ठेवावे, हा प्रश्न वरवर सोयीचा भासतो. वस्तुतः तो स्वामित्वाचा आहे. २००२ पासून लिनक्सच्या गाभ्याचे काम बिटकीपर ह्या खाजगी मालकीच्या साधनावर चाले. २००५ मध्ये त्याची विनामूल्य सवलत काढून घेण्यात आली, तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट रचले. त्यायोगे प्रत्येक सहकाऱ्यापाशी आज्ञावलीच्या समग्र इतिहासाची प्रत राहू लागली. तथापि दोषनोंदी व चर्चा सामान्यतः त्या प्रतीत येत नाहीत. त्या आश्रयदात्याच्याच दप्तरी राहतात. २०१६ मध्ये गूगल कोड बंद झाले; २०१८ मध्ये ग्नोमने गिटलॅब स्वतःच्या व्यवस्थेखाली चालविणे पसंत केले. पोथीची नक्कल सुलभ झाली, तरी समासातील टिपा कोणाच्या हाती राहतात, हे पाहूनच स्थान निवडणे इष्ट होय.