बाँडचे वाचक : एका मतभेदाचा इतिहास

१९५६ च्या मे महिन्यात ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या बंदुकांच्या जाणकाराने इयान फ्लेमिंगला पत्र लिहिले. जेम्स बाँडच्या कादंबऱ्या त्याला आवडत होत्या. तक्रार होती ती बाँडच्या पिस्तुलाबद्दल. बेरेटासारखे .२५ चे नाजूक हत्यार एखाद्या बाईला शोभेल, मुरलेल्या हेराला नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. फ्लेमिंगने पत्रव्यवहार वाढवला, आणि १९५८ साली 'डॉक्टर नो' प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या आरंभीच बाँडचे बेरेटा काढून घेऊन त्याच्या हाती वॉल्थर पीपीके देण्यात आले. हा बदल सुचवणाऱ्या कथेतील शस्त्रतज्ज्ञाचे नाव मेजर बूथरॉइड असे आहे. एवढे करूनही चूक व्हायची ती झालीच. रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेल्या बर्न्स-मार्टिन होल्स्टरमध्ये फ्लेमिंगने पिस्तूल बसवले, आणि जाणकारांना नवे निमित्त मिळाले.

लोकप्रिय साहित्याच्या इतिहासात या प्रसंगाची नोंद बहुधा एक गंमत म्हणून होते. वस्तुतः त्यात एक सैद्धांतिक अडचण दडलेली आहे. दीर्घकाळ चाललेल्या मालिकेविषयी वाचकांची मते संमिश्र आहेत असे म्हणताना एक पूर्ण झालेली संहिता आणि तिच्यासमोर बसलेले अनुकूल-प्रतिकूल वाचक असे चित्र गृहीत धरलेले असते. बाँडमालिकेच्या बाबतीत हे चित्र टिकत नाही. येथे मतभेद संहितेबाहेर राहत नाहीत. ते पुढच्या पुस्तकात शिरतात, कधी पात्र होऊन, कधी निवेदनाचा प्रयोग होऊन, तर कधी साक्षात पुढच्या लेखकाच्या रूपाने. वाचक ज्याच्याविषयी भांडतात तो बाँड बऱ्याच अंशी त्या भांडणातूनच घडत गेला आहे. हान्स रॉबर्ट याउसची 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना येथे उपयोगी पडते, पण एका दुरुस्तीसह : मालिकेत क्षितिज पुस्तकागणिक सरकते खरे, परंतु मागचे क्षितिज पुसले जात नाही. जुन्या अपेक्षांचे वाचक नव्यांच्या शेजारी तसेच बसून राहतात.

'कसिनो रोयाल' १३ एप्रिल १९५३ रोजी जोनाथन केपने प्रसिद्ध केली तेव्हा ती मूठभरांच्या वाचनाची गोष्ट होती. पहिली आवृत्ती पाच हजारांहूनही कमी प्रतींची होती. पहिला गंभीर वाद पेटला तो पाच वर्षांनी. मार्च १९५८ मध्ये 'ट्वेंटिएथ सेंच्युरी' या मासिकात बर्नार्ड बर्गोन्झीने फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांना नैतिक चौकटच नाही असा आक्षेप घेतला आणि जॉन बकनच्या जुन्या साहसकथांशी त्यांची प्रतिकूल तुलना केली. ५ एप्रिलला 'न्यू स्टेट्समन'मध्ये पॉल जॉन्सनचा लेख आला. कामवासना, उच्चभ्रूपणाचा हव्यास आणि क्रौर्य ही त्रयी त्याने शीर्षकातच मांडली होती, आणि 'डॉक्टर नो'इतके किळसवाणे पुस्तक आपण वाचलेले नाही असे त्याने बजावले होते. ही मांडणी सर्वस्वी नवी नव्हती. जॉर्ज ऑर्वेलने १९४४ साली रॅफल्सच्या सभ्य चोरीकथांशेजारी जेम्स हॅडली चेसची कादंबरी ठेवून, गुन्ह्याच्या कथेतून सभ्यतेचे संकेत कसे गळून पडले, याचे विवेचन केले होते. दोन्ही टीकाकारांनी तोच साचा पुढे चालवला. प्रत्येक पिढीला आपल्या बालपणीची साहसकथा निर्मळ वाटते, हेही यात आहेच. बकनच्या कादंबऱ्यांतील वंशद्वेष बर्गोन्झीच्या तुलनेत फारसा आड आला नाही.

जॉन्सनचा लेख आज वाचताना त्यातील क्रोधापेक्षा त्याचा रोख अधिक बोलका वाटतो. शाळकरी दांडगटाचे क्रौर्य, कुंठित किशोराची स्वप्ने आणि उपनगरी प्रौढाची चैनीची हाव, असे तो या कादंबऱ्यांचे पृथक्करण करतो. म्हणजे संहितेचे तीन घटक सांगता सांगता त्याने वाचकांचे तीन वर्ग सांगितले आहेत, आणि ते तिन्ही 'न्यू स्टेट्समन'च्या वाचकाहून वेगळे आहेत. त्या सुमारास बाँड खरोखरच वर्गांतर करत होता. 'पॅन'च्या स्वस्त आवृत्त्या १९५५ पासून निघू लागल्या होत्या. १९५७ मध्ये 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह' 'डेली एक्स्प्रेस'मधून क्रमशः आली, १९५८ मध्ये त्याच पत्रात चित्रमालिका सुरू झाली. क्लबमधल्या खुर्चीत बसून वाचायची चीज लोकलच्या डब्यात गेली. नैतिक आक्षेपात अभिरुचीच्या मालकीविषयीची ही अस्वस्थता मिसळलेली आहे. तिच्यामुळे आक्षेप खोटा ठरत नाही, हे मात्र लोकप्रिय साहित्याचे उत्साही समर्थक विसरतात.

स्वतः फ्लेमिंगने या टीकेला दिलेली उत्तरे दोन प्रकारची आहेत. पहिले उत्तर विनोदी : 'मँचेस्टर गार्डियन'ने बाँडच्या चैनीवर टीका केली तेव्हा त्याने पत्र लिहून सांगितले की ही सारी नाटकातली सामग्री आहे, खुद्द आपल्याला फेटलेली अंडीच आवडतात. दुसरे उत्तर मात्र एका अख्ख्या कादंबरीचे आहे, आणि ते फसले. १९६२ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'मध्ये त्याने निवेदन विव्हियन मिशेल या तरुणीकडे सोपवले. बाँड येतो तो पुस्तकाचा बराच मोठा भाग उलटल्यावर. आपल्या कथा शाळकरी मुले वाचतात आणि बाँडला आदर्श मानतात हे ध्यानात आल्याने बाँडकडे दुसऱ्या टोकाकडून पाहण्याचा, वाचकाला सावध करण्याचा हा प्रयत्न होता, असे त्याने प्रकाशकाला कळवले होते. नेहमीच्या वाचकाला त्यात बाँड सापडला नाही आणि समीक्षकांना नवे काही सापडले नाही. फ्लेमिंग इतका खचला की या पुस्तकाची स्वस्त आवृत्ती निघू नये असे त्याने ठरवले. 'पॅन'ची आवृत्ती निघाली ती त्याच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये. चित्रपटासाठीही केवळ शीर्षक वापरण्याची मुभा होती.

या अपयशाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. विव्हियनचा पूर्वार्ध, तिचे लंडनमधले एकाकीपण, दोन पुरुषांनी केलेली तिची वंचना, हे लेखन फ्लेमिंगच्या इतर कुठल्याही पुस्तकाहून मानवी आहे. पण बाँड आल्यावर तिचाच आवाज लेखक काढून घेतो आणि स्त्रियांना बळजबरी आवडते अशा आशयाचे विधान तिच्याच तोंडी घालतो. सावध करू पाहणारी संहिता अखेर जुन्याच अपेक्षेला शरण जाते. मालिकेच्या वाचकाने लेखकावर आणलेला दाब किती खोल असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. 'मालिका तीच ती झाली' अशी तक्रार करणारा आणि 'हा आमचा बाँड नव्हे' म्हणणारा वाचक अनेकदा एकच असतो. फ्लेमिंगला तो त्या वर्षी एकदमच भेटला.

१९६४ च्या ऑगस्टमध्ये फ्लेमिंग वारला, आणि पुढच्याच वर्षी वादाचा स्तर बदलला. किंग्झली एमिसने 'द जेम्स बाँड डॉसिए'मध्ये आक्षेप एकेक करून तपासले व बाँडची वकिली केली. त्याच वर्षी इटलीत 'इल कासो बाँड' हा लेखसंग्रह निघाला. उम्बेर्तो एकोचा प्रसिद्ध निबंध त्यातला. एकोच्या लेखी प्रत्येक कादंबरी हा ठरलेल्या नऊ खेळ्यांचा डाव आहे : एम कामगिरी सोपवतो, खलनायक दर्शन देतो, स्त्री येते, बाँड पकडला जातो, छळला जातो, जिंकतो, आणि अखेरीस मिळालेली स्त्री गमावतो. क्रम बदलतो, खेळ्या बदलत नाहीत. वाचकाचा आनंद निकालाच्या अनिश्चिततेत नसून माहीत असलेला निकाल कसा गाठला जातो हे पाहण्यात आहे.

संरचनावादी विश्लेषणाचा हा नमुना आजही विद्यार्थ्यांना मोह घालतो, आणि ते साहजिक आहे. तथापि एकोने जॉन्सनच्या आक्षेपाला दिलेले उत्तर तपासून घ्यायला हवे. त्याच्या मते फ्लेमिंगचा वंशवाद हा विचारप्रणालीचा भाग नसून काळ्या-पांढऱ्या परीकथेच्या गरजेतून आलेला आहे. खलनायकाला कुठला तरी वंश द्यावा लागतो. युक्तिवाद चतुर आहे. पण गरज संरचनेची असली तरी त्या जागी कोणाला बसवायचे ही निवड संरचना करत नाही. स्लाव्ह, ज्यू, कृष्णवर्णीय, चिनी-जर्मन मिश्रवंशीय असे खलनायक येत राहतात आणि शुद्ध इंग्रज पुरुष त्या जागी जवळजवळ कधीच बसत नाही, याला व्याकरण म्हणता येत नाही. शिवाय एकोचे वाचक दोनच : कथेत रमणारा भोळा आणि खेळ ओळखणारा चतुर. ग्लासगोचा पत्रलेखक यांपैकी कोणातच बसत नाही. त्याला खेळही ठाऊक आहे आणि सोंगट्यांच्या वजनाविषयी त्याची श्रद्धाही अभंग आहे.

टोनी बेनेट आणि जॅनेट वूलकॉट यांनी १९८७ च्या 'बाँड अँड बियाँड'मध्ये ही कोंडी फोडली. वाचन हे नेहमी इतर संहितांच्या, चित्रपटांच्या, जाहिरातींच्या, मुलाखतींच्या वेढ्यात होते. त्या वेढ्याबाहेर 'मूळ' बाँड नाही. १९५५ मध्ये बाँडच्या स्वस्त आवृत्त्यांचा खप चाळीस हजारांच्या आसपास होता, १९६५ मध्ये तो सदुसष्ट लाखांवर गेला. मधल्या काळात, मार्च १९६१ मध्ये, 'लाइफ' साप्ताहिकाने अध्यक्ष केनेडींच्या दहा आवडत्या पुस्तकांत 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह'चे नाव छापले होते, आणि १९६२ पासून शॉन कॉनरीचा चेहरा आला होता. त्यानंतर कादंबरी हाती घेणारा बहुसंख्य वाचक चित्रपटाचा प्रेक्षक होता. पुस्तकातला थकलेला, चुकणारा, मृत्यूच्या विचाराने ग्रासलेला बाँड त्याला अनोळखी वाटला असल्यास नवल नाही.

पुढच्या लेखकांचा इतिहास याच अनोळखीपणाचा आहे. १९६८ मध्ये एमिसने टोपणनावाने 'कर्नल सन' लिहिली. १९८१ ते १९९६ या काळात जॉन गार्डनरने चौदा कादंबऱ्या लिहिल्या, म्हणजे फ्लेमिंगहून जास्त; तरी त्याने बाँडला साब मोटार दिली हे दुखणे चाहते अजून उगाळतात. १९९७ मध्ये आलेला रेमंड बेन्सन हा आधी बाँडविषयी मार्गदर्शक ग्रंथ लिहिणारा चाहताच होता : बूथरॉइड पात्र झाला, बेन्सन लेखक झाला. जेफरी डीव्हरने २०११ मध्ये बाँडला अफगाणिस्तानात लढलेला समकालीन तरुण केले. विल्यम बॉइड आणि अँथनी होरोविट्झ यांनी त्याला पुन्हा फ्लेमिंगच्या काळाकडे नेले.

२०२३ मध्ये, पहिल्या कादंबरीच्या सत्तराव्या वर्षी, इयान फ्लेमिंग पब्लिकेशन्सने काही वांशिक शब्द गाळून नव्या आवृत्त्या काढल्या, तेव्हा वाचक पुन्हा दुभंगले. लेखकाच्या शब्दाला हात लावू नये, असे एका बाजूचे म्हणणे. जखम करणारा शब्द जपण्यात कसली निष्ठा, असे दुसरीचे. प्रकाशकांनी एक पूर्वदाखला पुढे केला : १९५४ च्या 'लिव्ह अँड लेट डाय'मधील असे उल्लेख अमेरिकन आवृत्तीसाठी फ्लेमिंगच्या संमतीनेच बदलले होते, हार्लेममधील प्रकरणाचे शीर्षकसुद्धा. अटलांटिकच्या दोन तीरांवरचे वाचक सुमारे सात दशके एकाच नावाची दोन पुस्तके वाचत होते.

या संपादनाने एकोचा युक्तिवाद अनपेक्षितपणे कसोटीला लावला. वंशवाद केवळ वरचा रंग असता तर शब्द पुसताच तो गेला असता. शब्द गेले, पण 'लिव्ह अँड लेट डाय'चे कथानक ज्यावर उभे आहे ते, एका कृष्णवर्णीय खलनायकाच्या वूडूच्या धाकाने बांधलेले आणि हार्लेमपासून फ्लोरिडापर्यंत रस्तोरस्ती कान लावून बसलेले कृष्णवर्णीय हेरांचे जाळे, नव्या आवृत्तीतही तसेच आहे. ते काढले तर नऊ खेळ्यांपैकी निम्म्या खेळायला पटच उरत नाही.